फुटायचं अंडं, राखायचं अंडं : स्लाव्ह लोकांचे ईस्टरचे खेळ घरी कसे खेळावेत

ईस्टरसाठी अंडी रंगवायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: यातली फोडायची कोणती आणि राखायची कोणती. युक्रेन, रशिया, बेलारूस, पोलंड, चेकिया, स्लोव्हाकिया, सर्बिया, बल्गेरिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, या स्लाव्ह भाषा बोलणाऱ्या देशांत, अगदी जर्मनीच्या पूर्व टोकाला राहणाऱ्या सॉर्ब या छोट्या स्लाव्ह समाजाच्या गावांतसुद्धा हा भेद जुना आहे. एक अंडं उकडलेलं, बहुधा एकाच रंगाचं आणि खायचं. ते दुसऱ्याच्या अंड्यावर आपटायचं, उतारावरून सोडायचं, हरलं तर देऊन टाकायचं. दुसरं नक्षीचं. ते मेण आणि रंगांनी तासन्‌तास बसून घडवायचं, कुणाला तरी भेट द्यायचं आणि घेणाऱ्याने ते वर्षानुवर्षं जपायचं. युक्रेनमध्ये पहिल्याला क्राशान्का म्हणतात, दुसऱ्याला पिसान्का.

आपल्यापर्यंत फोटो पोचतात ते पिसान्कांचे, त्यामुळे हा सगळा प्रकार शोभेचाच आहे असा समज होतो. पण सणाची मजा जाणायची तर सुरुवात फुटणाऱ्या अंड्यापासून करावी. त्याला कौशल्य लागत नाही, खर्च जवळजवळ नाही आणि सहा वर्षांच्या नातवापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळे एका चटईवर बसून खेळू शकतात. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे. आधी खेळाची अंडी आणि खेळ, मग राखायची अंडी.

अंडीच का?

ईस्टरच्या आधी सुमारे सात आठवडे ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या चर्चच्या) ख्रिश्चनांचा मोठा उपास असतो. त्यात मांस, दूध, लोणी आणि अंडी वर्ज्य. जुन्या काळी कॅथलिक घरांतही उपास असाच कडक असे. माणसं उपास करतात, कोंबड्या करत नाहीत. त्यात वसंत ऋतू म्हणजे अंडी देण्याचा हंगाम. त्यामुळे उपास सुटायच्या दिवशी घरोघरी टोपल्या भरून अंडी साठलेली असत. ती खाऊन संपत नसत, म्हणून वाटली गेली, उकडली गेली, खेळात आली. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची खूण म्हणून लाल अंडं मानाचं ठरलं. पण अंड्याला रंग देण्याची हौस त्याहून जुनी असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पोलंडमधल्या ओपोले शहरात उत्खननात सापडलेली नक्षीदार अंडी 10व्या शतकातली आहेत, म्हणजे पोलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्याच सुमाराची.

आठवड्याचं वेळापत्रक

गुरुवारी रंगकाम. बल्गेरियात ईस्टरआधीच्या गुरुवारी किंवा शनिवारी अंडी रंगवतात, आणि पहिलं अंडं लालच असतं. घरातली आजी ते अजून कोमट असतानाच मुलांच्या गालांवर, कपाळावर फिरवते, वर्षभर तब्येत टुणटुणीत राहावी म्हणून. मग ते देवाच्या तसबिरीपाशी ठेवतात. सर्बियात हेच पहिलं लाल अंडं शुक्रवारी रंगवतात आणि त्याला चुवारकुचा म्हणतात. ते घराची राखण करतं अशी श्रद्धा, म्हणून ते पुढच्या ईस्टरपर्यंत घरात राहतं. लक्षात घ्या, उकडलेलं असूनही हे एक अंडं राखायचं आहे. ते खेळात घ्यायचं नाही.

शनिवारी पोलिश घरांतून छोट्या टोपल्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये जातात. त्यांत अंडी, पाव, मीठ, सॉसेज, हॉर्सरॅडिशचं झणझणीत मूळ आणि लोण्याचं किंवा साखरेचं कोकरू असतं. रविवारी सकाळी त्या मंतरलेल्या अंड्याच्या फोडी करून घरातला प्रत्येक जण एकमेकांना शुभेच्छा देत खातो आणि उपास सुटतो. खेळ त्यानंतर. सोमवारी पाणी आणि कोवळ्या फांद्यांच्या छड्या, त्यांच्याविषयी पुढे.

घरी करायचं असेल तर गुरुवारी कांद्याचा रंग, शनिवारी पाल्याची नक्षी आणि रविवारी सकाळी नाश्त्यानंतर खेळ, एवढी आखणी पुरते.

कांद्याच्या टरफलांचा रंग

बाजारात अंड्यांसाठी तयार रंग मिळतात, पण युक्रेनपासून बाल्कनपर्यंत (म्हणजे सर्बिया, बल्गेरियाच्या बाजूला) घरोघरी जो रंग वापरतात तो कांद्याच्या टरफलांचा. महाराष्ट्रात तर टरफलांना तोटा नाही. पंधरा दिवस आधीपासून सुकी बाहेरची टरफलं कागदी पिशवीत जमवा. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी धरते. लाल कांद्याची टरफलं घेतलीत तर रंग गडद तांबूस येतो.

एक लिटर पाण्याला दहा-बारा मध्यम कांद्यांची टरफलं घ्या. जुनं स्टीलचं पातेलं वापरा. टरफलं बुडतील इतक्या पाण्यात अर्धा तास मंद उकळा, झाकून थंड होऊ द्या, गाळा आणि दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घाला. व्हिनेगरमुळे कवचाचा पृष्ठभाग किंचित खरबरीत होतो आणि रंग घट्ट धरतो. अंडी फ्रिजमधून आधीच काढून ठेवा. ती थंड रंगातच सोडायची आणि मग आच वाढवायची. उकळत्या पाण्यात थंड अंडं सोडलं की ते तडकतं आणि खेळातून बाद होतं. उकळी आल्यावर आच मंद करून दहा-बारा मिनिटं ठेवा. गॅस बंद केल्यावर अंडी त्याच रंगात गार होऊ द्या. जितकी जास्त वेळ राहतील तितका रंग भाजलेल्या विटेकडे झुकतो. रात्रभर ठेवायची असतील तर पातेलं फ्रिजमध्ये ठेवा.

बाहेर काढल्यावर पुसू नका. ओला रंग लगेच निघतो. जाळीवर सुकवा आणि अगदी शेवटी तेलाचा एक थेंब बोटांवर घेऊन अंड्यावर फिरवा. कोरडं, मळकट वाटणारं अंडं तेवढ्यानेच चमकायला लागतं.

पिवळ्यासाठी हळद, गुलाबीसाठी बीट, निळ्यासाठी लाल कोबी. कोबीचा रंग जांभळा दिसतो, पण पांढऱ्या अंड्यावर तासाभरात निळा उतरतो. तपकिरी गावठी अंड्यावर हे हलके रंग बसत नाहीत. त्यासाठी कांदाच बरा.

पाल्याची नक्षी आणि तांदळाचे ठिपके

बाल्कनमधल्या घरांत एक सोपी, फार देखणी नक्षी करतात. कोथिंबिरीचं किंवा गाजराच्या पाल्याचं एक कोवळं पान ओलं करून अंड्यावर सपाट चिकटवायचं. वरून जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून बसवायचा आणि मागे दोऱ्याने गच्च गाठ मारायची. मग अंडं कांद्याच्या रंगात उकडायचं. मोजा सोडवला की तांबूस अंड्यावर पानाची फिकट छाया, शिरांसकट. सगळं यश त्या गाठीत आहे. पान जराही उचललं तर खाली रंग शिरतो आणि कडा फिसकटते.

रशियात ओलं अंडं कच्च्या तांदळात घोळवून, तांदळासकट पातळ फडक्यात बांधून उकडतात. तांदूळ चिकटतो तिथे रंग पोचत नाही आणि अंडं ठिपक्याठिपक्यांचं होतं.

आणखी एक प्रकार कोरीव. कांद्याने गडद रंगवलेलं अंडं घ्यायचं आणि धारदार टोकाने वरचा रंग खरवडून पांढरी फुलं, पानं काढायची. पोलंडमधल्या ओपोलेच्या परिसरात हे काम इतकं नाजूक होतं की अंड्यावर लेस पांघरल्यासारखी दिसते. मुलांच्या हाती पाती देऊ नका. त्यांना जाड टाचणी पुरते.

टक्कर: निवड, पकड, नियम

आता मुख्य खेळ. दोघांनी आपापलं उकडलेलं अंडं हातात धरायचं, एकाने दुसऱ्याच्या अंड्यावर आपटायचं, ज्याचं फुटलं तो हरला. बल्गेरियात जे शेवटपर्यंत टिकतं त्या अंड्याला बोराक म्हणतात आणि ते ज्याचं, त्याला वर्षभर आरोग्य. सर्बियाच्या उत्तरेला किकिंदाजवळच्या मोक्रिन गावात तर या खेळाची जागतिक स्पर्धाच भरते, आणि तिथे पंच अंडी तपासूनच खेळायला देतात.

निवडीपासून सुरुवात करा. लहान अंडं घ्या. तरुण कोंबडीचं अंडं लहान असतं आणि त्याचं कवच जाड असतं. कोंबडीचं वय वाढतं तसं अंडं मोठं होतं आणि कवच पातळ पडत जातं. ट्रेमधली जंबो अंडी पाहून हुरळून जाऊ नका. टोक जितकं निमुळतं तितकं बरं, कारण तिथला बाक दाब चांगला पेलतो. बूड कमकुवत असतं. त्याच्या आत हवेची पोकळी असते, अंडं शिळं होत जातं तशी ती वाढते. म्हणून खेळासाठी ताजी अंडी घ्या. ताज्या अंड्याचं कवच सोलताना पांढऱ्याला चिकटतं, तेवढं सोसा.

मग आवाज. रशियात आणि युक्रेनमध्ये जुने खेळाडू अंडं समोरच्या दातांवर हलकेच टकटक करून पारखतात. कान देऊन ऐकलं तर फरक खरोखर कळतो: घट्ट कवचाचा आवाज बारीक आणि टणक येतो, आणि कुठे केसाएवढी चीर असेल तर अंडं बद्द वाजतं. हे फक्त धुतलेल्या, उकडलेल्या अंड्यावरच करा. कच्च्या अंड्याच्या कवचावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. दात नको वाटत असतील तर नखाने वाजवा. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरलं तरी चीर उजळून दिसते.

पकड महत्त्वाची. खालच्या खेळाडूने अंडं मुठीत असं धरायचं की अंगठा आणि तर्जनीच्या वेटोळ्यातून फक्त टोक, नखाएवढं, वर दिसावं. मुठीचा आधार सगळीकडून मिळाला की कवच सहज फाकत नाही. वरच्याने आपलं अंडंही तसंच धरून सरळ वरून खाली, छोटासा ठोका द्यायचा. हात लांबून आणून हाणायचं नाही. अंडं घसरून कडेला लागतं आणि दोन्ही फुटतात. मारणाऱ्याचा फायदा असतो असं मुलांना ठामपणे वाटतं आणि त्यावरून भांडणं होतात. त्यांना सांगा की ठोक्याच्या क्षणी दोन्ही अंड्यांवर बल सारखंच बसतं, फुटतं ते कमकुवत कवचाचं. तरीही वाद नको म्हणून आळीपाळीने मारा.

आधी टोकावर टोक. ज्याचं टोक फुटलं त्याने अंडं उलटं करायचं आणि मग बुडावर बूड. दोन्ही बाजू फुटल्या की ते अंडं जिंकणाऱ्याचं. काही घरांत एका ठोक्यातच निकाल लावतात. खेळाडू दहाच्या वर असतील तर तेच सोयीचं. पहिल्या ठोक्याआधी ऑर्थोडॉक्स घरांत एक जण म्हणतो, ‘ख्रिस्तोस वोस्क्रेसे’, ख्रिस्त उठला आहे. दुसरा उत्तर देतो, ‘वोइस्तिनू वोस्क्रेसे’, खरोखरच उठला आहे. ज्यांच्या घरी हा सण श्रद्धेचा आहे त्यांच्यात बसून खेळत असाल तर हे दोन शब्द पाठ करून जा. त्यांना मनापासून आनंद होतो.

लबाडीही जुनीच आहे. गिनी फाउलचं अंडं कोंबडीच्या अंड्याहून बरंच टणक असतं, ते रंगवून आणायचं. कच्चं अंडं रिकामं करून आत मेण भरायचं. नाहीतर सरळ लाकडाचं अंडं रंगवायचं. उपाय सोपा आहे. सगळी अंडी यजमानाने एकाच ट्रेमधली घ्यावीत, एकाच पातेल्यात उकडावीत आणि चिठ्ठ्या टाकून वाटावीत. खेळाआधी प्रत्येक अंडं टेबलावर फिरवून बघा. उकडलेलं भिंगरीसारखं गरगरत राहतं, कच्चं डगमगत लगेच थांबतं. कुणाचं अंडं जास्त वेळ फिरतं, याचीही मुलं पैज लावतात. हा वेगळा खेळच धरा.

पन्हळीचा खेळ

रशियात ईस्टरच्या आठवड्यात अंडी घरंगळवण्यासाठी लाकडाची छोटी पन्हळ करून ठेवत. आपल्याकडे अर्धा चिरलेला बांबू किंवा उभा कापलेला पीव्हीसी पाइप घ्या, हात-दीड हात लांब. एक टोक दोन-तीन पुस्तकांवर टेकवा, दुसरं जमिनीवरच्या सतरंजीवर. समोर अर्धगोलात रंगीत अंडी आणि मधूनमधून छोटी बक्षिसं मांडा: चॉकलेट, भिंगरी, पेन्सिल. आपलं अंडं पन्हळीतून सोडायचं. ते ज्या वस्तूला लागेल ती आपली आणि पुन्हा एक पाळी. काहीच लागलं नाही तर आपलं अंडं तिथेच मैदानात राहतं आणि पुढच्याचं लक्ष्य होतं.

इथे एक बारकावा कामाला येतो. अंडं चेंडूसारखं सरळ जात नाही, ते आपल्या निमुळत्या टोकाच्या बाजूला वळतं. पन्हळीत ठेवताना टोक डावीकडे असेल तर बाहेर पडल्यावर ते डावीकडे वळणार. हे ध्यानात आलं की मुलं नेम धरायला शिकतात आणि खेळाला रंग चढतो. फरशीवर खेळू नका. तिथे अंडं भरकटतं आणि आपटून फुटतं.

सॉर्ब मुलं हाच खेळ घराबाहेर खेळतात. उतारावर मातीत एक उथळ खळगा करतात आणि वरून अंडं सोडून दुसऱ्याच्या अंड्याला लावायचं, गोट्यांमध्ये खेळतो तसंच. बाउत्सेन शहरात प्रोट्शेनबर्ग टेकडीच्या उतारावर ईस्टरला हा सोहळा होतो.

नाण्याचा नेम

स्लोव्हेनियातला खेळ मोठ्यांचा आहे. उकडलेलं अंडं जमिनीवर किंवा भिंतीच्या कडेला ठेवायचं आणि काही पावलांवरून नाणं असं फेकायचं की ते कडेने अंड्यात रुतून बसेल. रुतलं तर अंडं फेकणाऱ्याचं. नाही तर नाणं अंड्याच्या मालकाचं. अंडं हातात धरून कुणी उभं राहायचं नाही आणि समोर मुलं नकोत. नाणं रुतलेलं अंडं खाऊ नका, कुत्र्यामांजरालाही घालू नका.

सोमवार

पोलंडमध्ये ईस्टरनंतरच्या सोमवारी एकमेकांना पाण्याने भिजवतात. त्याला श्मिगुस-दिंगुस म्हणतात. स्लोव्हाकिया आणि पश्चिम युक्रेनमध्येही पाणी आहेच. चेकियात मुलगे विलो झाडाच्या कोवळ्या फांद्यांची वेणी घालून केलेली छडी, पोम्लाझ्का, घेऊन घरोघर जातात, मुलींच्या पायांवर हलकेच मारतात, आणि मुली त्यांना रंगवलेलं अंडं देऊन छडीला रिबीन बांधतात. ओल्या फांदीतला जीव अंगात यावा, अशी त्यामागची समजूत. आज तिथल्याच अनेक स्त्रियांना ही प्रथा नको वाटते, आणि मला त्यांचं पटतं. घरी करायचंच तर पाणी घ्या, तेही विचारून. छडीची वेणी घालायला शिका आणि ती दाराला लावा.

पोलिश रिवाजांशी महाराष्ट्राची एक खरी ओळख आहे. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे 5,000 पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहत होते. तिथे त्यांची शाळा होती, चर्च होतं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आजही उभं आहे. कोल्हापूरकरांनी हे खेळ मांडले तर त्याला वेगळा अर्थ येईल.

राखायचं अंडं: आधी पिसाने हात बसवा

पिसान्केवर थेट उडी मारू नका. सॉर्ब लोकांची पिसाची पद्धत नवशिक्याला फार लवकर जमते. बदकाच्या किंवा कोंबडीच्या पिसाचा दांडा घ्या, टोकाजवळचे केस काढून कात्रीने एक छोटा त्रिकोण ठेवा. दुसऱ्या पिसाला चौकट. ठिपक्यांसाठी पेन्सिलच्या मागे टाचणी खोचा, डोकं बाहेर ठेवून. मधमाशांचं मेण जुन्या चमच्यात घेऊन चमचा छोट्या दिव्यावर स्थिर बसवा. हे मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं. धूर येऊ लागला तर ते फार तापलं आहे. साधं मेणबत्तीचं मेण वापरलं तर ते ठिसूळ होतं आणि रंगात पडल्यावर तुकड्यांनी उडतं.

पीस मेणात बुडवा आणि त्या क्षणी अंड्यावर टेकवा. खरंच त्या क्षणी. पीस अंड्यापर्यंत नेताना एक श्वास जास्त गेला तरी मेण गोठतं आणि ठसा अर्धवट उठतो. चमचा आणि अंडं यांच्यात वीतभरही अंतर नको. त्रिकोण एकाशेजारी एक असे गोल लावत गेलं की लांडग्याच्या दातांची नक्षी होते. ती वाईटाला दूर ठेवते असं मानतात. मधोमध सूर्य, कडेने मधाच्या पोळ्याची चौकट. सॉर्ब घरांत मुलांच्या बाप्तिस्म्याचे पालक अशीच अंडी त्यांना भेट देतात.

पिसान्का, टप्प्याटप्प्याने

डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने पिसान्केची युक्रेनी परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. युक्रेन आणि एस्टोनिया या दोन देशांनी मिळून तो प्रस्ताव मांडला होता. सोव्हिएत राजवटीत धार्मिक म्हणून ही कला दडपली गेली होती. कार्पेथियन डोंगरांतल्या खेड्यांनी आणि परदेशी गेलेल्या कुटुंबांनी ती टिकवली. पश्चिम युक्रेनमधल्या कोलोमिया शहरात 2000 मध्ये पिसान्कांचं संग्रहालय उघडलं, त्याची इमारतच अवाढव्य अंड्याच्या आकाराची आहे. तिथल्या हुत्सुल लोकांची एक कथा सांगतात. डोंगरात साखळ्यांनी जखडलेला एक दुष्ट राक्षस आहे. दरवर्षी त्याचे चाकर गावोगाव फिरून किती पिसान्का झाल्या ते मोजतात. कमी झाल्या की साखळ्या सैल पडतात, भरपूर झाल्या की आवळतात.

अंडं पांढरं, गुळगुळीत आणि कच्चं घ्या. उकडलेलं नको. साबणाने धुऊ नका, व्हिनेगर लावलेल्या कापडाने फक्त पुसा. पूर्वी अंडं आतल्या बलकासकट ठेवत आणि ते वर्षांनुवर्षांत आपोआप सुकत असे. आपल्या हवेत ती जोखीम घेऊ नका, अंडं फुटलं तर घरभर दुर्गंधी होते. दोन्ही टोकांना जाड सुईने भोक पाडा, तारेने बलक मोडा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने हवा सोडून आतलं बाहेर काढा. ते ऑम्लेटला वापरा. भोकं मेणाने बुजवा, म्हणजे रंग आत शिरणार नाही.

पेन्सिलने फिकट आखणी करा: एक उभी रेघ, एक आडवी, मग त्यांचे भाग. जुन्या नक्षींत अंडं 40 त्रिकोणांतही विभागतात आणि ते उपासाच्या 40 दिवसांशी जोडतात. चुकलं तर खोडरबर वापरू नका. त्याचा माग रंगात उठून दिसतो.

हत्यार म्हणजे किस्तका: काडीच्या टोकाला तारेने बांधलेलं तांब्या-पितळेचं इवलंसं नरसाळं. हस्तकलेच्या ऑनलाइन दुकानांत मिळतं, किंवा तांब्याच्या पातळ पत्र्याची शंकूसारखी गुंडाळी करून घरीही होतं. नरसाळं मेणबत्तीच्या ज्योतीत धरा, मेणात खुपसा, पुन्हा क्षणभर तापवा आणि आधी कागदावर एक रेघ ओढून पाहा. पहिला थेंब हमखास मोठा पडतो. रेघ ओढताना हात स्थिर ठेवा आणि अंडं फिरवा.

आता विचार उलटा करायचा. पांढऱ्या अंड्यावर मेणाने झाकाल ते कायम पांढरं राहणार. म्हणून पहिल्यांदा सगळ्या पांढऱ्या रेघा. मग अंडं पिवळ्या रंगात. बाहेर काढून टिपून सुकवा आणि जे पिवळं हवं ते मेणाने झाका. मग केशरी, मग लाल, शेवटी काळा किंवा गडद तपकिरी. क्रम नेहमी फिक्याकडून गडदाकडे. खाण्याचा रंग कोमट पाण्यात आणि व्हिनेगरमध्ये मिसळून चालतो; प्रत्येक रंगात पाच-दहा मिनिटं. रिकामं अंडं तरंगतं, म्हणून वर चमचा दाबून ठेवा. बाजारातले खास अॅनिलिन (रासायनिक) रंग जास्त झळझळीत असतात, पण ते पोटात जाता कामा नयेत.

काळ्या रंगातून काढल्यावर अंडं कुरूप दिसतं, डांबरात बुडवल्यासारखं. घाबरू नका. पूर्ण सुकलं की ते ज्योतीच्या शेजारी धरा, वर नाही. वर धरलं तर काजळी बसते आणि पांढरा भाग करडा होतो. मेण ओलसर चकाकू लागलं की मऊ कागदाने टिपा. थोडं थोडं तापवत, टिपत, गोल फिरत जा. काळ्या थराखालून आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं उघडं पडतं, आणि आपणच ओढलेल्या रेघा आपल्याला पहिल्यांदा दिसतात. पहिलं अंडं घाईने संपवू नका, या टप्प्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवा.

नक्षी काय काढायची? न संपणारी वळणदार रेघ, गव्हाची ओंबी, हरिण, शिडी, सूर्य ही जुनी चिन्हं. प्रत्येकाचा ठरलेला अर्थ छापणारे तक्ते मिळतात, पण गावागावांत अर्थ बदलतात. ज्याला द्यायचं त्याच्यासाठी जे शोभेल ते काढा.

खेळ संपल्यावर

एप्रिलच्या उकाड्यात उकडलेली अंडी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. दुपारच्या कडाक्यात तासभरच. फुटलेली त्याच दिवशी संपवा, अंड्याच्या रश्शासारखा मार्ग नाही. न फुटलेली फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात.

मंतरलेल्या अंड्यांची टरफलं पोलंड-युक्रेनमध्ये कचऱ्यात टाकत नाहीत, शेतात किंवा बागेत पुरतात. युक्रेनमध्ये ती नदीत सोडायचीही रीत होती. टरफलं वाहत वाहत राखमान नावाच्या सज्जन, उपवासी लोकांच्या दूर देशात पोचतात आणि त्यांना ईस्टर आल्याचं कळतं, अशी समजूत. टरफलं पोचायला वेळ लागतो, म्हणून राखमानांचा ईस्टर 25 दिवस उशिरा. या राखमानांची कल्पना अलेक्झांडरच्या कथांमधून आलेल्या भारतातल्या ब्राह्मणांच्या वर्णनांवरून घडली, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. नदीत काही सोडण्यापेक्षा टरफलं चुरून कढीपत्त्याच्या कुंडीत घाला.

पिसान्का उन्हात ठेवू नका, रंग उडतो. कापसाच्या गादीवर, झाकण जरा किलकिलं राहील अशा डब्यात ती उत्तम राहते.

तारखा बघून ठेवा. ऑर्थोडॉक्स देश सण जुन्या ज्युलियन पंचांगावरून काढतात, त्यामुळे पोलंड-चेकियाचा ईस्टर आणि सर्बिया-बल्गेरियाचा ईस्टर बहुतेक वर्षी वेगळा पडतो. 2027 मध्ये पहिला 28 मार्चला आहे, दुसरा 2 मेला. 2028 मध्ये दोन्ही एकाच दिवशी, 16 एप्रिलला. पहिल्यांदा करणाऱ्यांना 2027 सोयीचं आहे. मार्चमध्ये टक्कर आणि पन्हळ खेळून घ्या, मग मधल्या पाच आठवड्यांत पिसान्केवर हात बसवायला पुरेशा संध्याकाळी मिळतात.